लिटरला पस्तीस ग्रॅम

समुद्र मी अजून पाहिलेला नाही,
पण बावीस महिने रोज सकाळी तो केला आहे,
परभणीत, प्राणिशास्त्राच्या मागच्या खोलीत,
जारच्या पाण्यात, लिटरला पस्तीस ग्रॅम.
आधी काटा बघायचा, मग मीटर,
आणि तहसीन मॅडम यायच्या आत, गुपचूप,
जिभेचं टोक.
जीभ कधी चुकली नाही.
मीटर दोनदा.

मासे आले रत्नागिरीहून,
रातराणीनं, हवा भरून फुगवलेल्या पिशव्यांत.
कंडक्टरनं सामानाचं तिकीट फाडलं, वर विचारलं,
खायचे का?
शिंगाळे. तोंडाभोवती मिशा,
आमच्या आबांसारख्या, पण कामाच्या.

मॅडम म्हणाल्या, लिंबाजी, हे नाक श्वासाचं नाही.
पुढच्या भोकातून पाणी आत, मागच्यातून बाहेर,
मधल्या घड्यांत फक्त ओळख.
म्हटलं, म्हणजे नुसत्या वासासाठी वेगळं नाक दिलं देवानं?
हसल्या. म्हणाल्या, वेळ लिहा.

कोळंबी वाटून, गाळून,
त्या पाण्याचा एक थेंब टाकीच्या कोपऱ्यात.
दिसत काही नाही, थेंब पाण्यात पाणी होतो.
चौथ्या सेकंदाला एक नंबरचं शेपूट थांबतं.
सातव्याला तो वळतो.
जरा डावीकडं, जरा उजवीकडं,
लाईट गेल्यावर काडेपेटी चाचपावी तसं,
मिशा वाळूवर टेकत टेकत,
आणि अकराव्याला तोंड बरोब्बर तिथं.
मला दरवेळी टाळी वाजवावीशी वाटायची.
हातात पेन असायचं.

मग डिझेल. जिंतूर रोडच्या पंपावरून,
बाटलीभर, पावती जोडून.
रात्रभर पाण्यात घुसळायचं,
सकाळी वरचा तवंग काढून टाकायचा,
खालचं घ्यायचं.
खालचं पाणी इतकं नितळ
की पाहुण्याला तांब्यात द्यावं.

मला वाटलेलं तडफडतील, काचेवर आपटतील.
तसलं काही नाही.
दोन-चारदा खाकरले.
मासा खाकरतो, कल्ल्यातून पाणी उलटं फेकतो.
मग कोपऱ्यात गेले. मग कोपऱ्यातूनही निघाले.
तिसऱ्या दिवशी पोहत होते रोजच्यासारखे,
फक्त थेंब टाकला
की काहीच होत नव्हतं.
अख्खा तुकडा पुढ्यात सोडला
तर त्याच्यावरून गेले,
उसनवारीतला माणूस बाजारात
आपल्याकडं न बघता जातो तसे.
वहीत लिहिलं, प्रतिसाद नाही.
सहा वेळा लिहिलं, एकाखाली एक.

बाटली बंद करताना सहज
बूच नाकाशी धरलं.
काही नाही.
ओढणीनं गाळून प्यायचं पाणी असतं तेवढंच.
पुन्हा धरलं.
सव्वीस वर्षं मी फॉर्मलीनच्या बरण्या पुसल्या.
घरी दूध करपतं, कौसाबाई ओरडते,
इथंच तर बसलाव, कळू नये का?
मी समजायचो
आपलं लक्ष नव्हतं.

स्वच्छ पाण्यात एक आणि चार नंबर नवव्या दिवशी वळले.
तीन वळला नाही.
पोट आत गेलं त्याचं.
रविवारी कॉलेज बंद. किल्ली माझ्याकडं.
चिमट्यात तुकडा धरला अन्
त्याच्या मिशीला लावला, नुसता टेकवला.
मिशीला चव कळते.
त्यानं घेतला.
वहीत रविवारचा रकाना नाही.

डिझेलचा समुद्र निळ्या ड्रममध्ये, सही करून.
साधा मागच्या भिंतीशी ओतायचो.
तिथं आता गवत धरत नाही,
एप्रिलात जमिनीला पांढरी खपली येते
आणि दिवस कलला की
वस्तीतल्या शेळ्या येऊन ती चाटतात,
भिंतीला धरून, रांगेनं.
त्यांना कोण सांगतं
काय की.